चालत आलेला मुराळी

वाडीत दार वाजवायची रीत नव्हती. येणारा माणूस अंगणाच्या कडेलाच थांबून हाळी द्यायचा आणि दार दिवसभर उघडंच असायचं; लावायचं ते रात्री, तेही कुत्री आत शिरतात म्हणून. पण त्या वर्षीच्या वैशाखात सगळ्यांचीच दारं दिवसाढवळ्या लागलेली. त्यामुळे सकाळी भाकरीच्या वेळेला दारावर काठीचे ठोके पडले तेव्हा रंगुबाईचा पिठाचा हात तसाच परातीत राहिला.

"अमृत, बघ रं कोन हाय. आन तोंडाला बांध आदी."

अमृत मोरीत दात घासत होता. कारखान्यातली त्याची पाळी दुपारची. त्याची बायको माया दाराशीच स्टुलावर बसून शेंगा फोडत होती. आठवा महिना लागल्यापासून तिला खाली बसवत नव्हतं. अमृतने चूळ भरेपर्यंत बाहेरून आवाज आला.

"पावनं हायत का घरात? मी बिराप्पा, मायाचा चुलता. पोरीला न्यायला आलोय."

"तात्या!" म्हणत माया उठली ती रंगुबाईने "थांब गं" म्हणेपर्यंत कडी काढून मोकळी झाली.

दारात एक वाळका, उंच म्हातारा उभा होता. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, कमरेला लोकर कातायची चाती खोवलेली. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने पांढरं झालेलं, वहाणांचे अंगठे दोरीने बांधलेले. तोंडावरून मात्र टॉवेलचा शेव नीट गुंडाळलेला; तेवढा नियम त्याच्यापर्यंत पोचला होता. माया वाकून त्याच्या पाया पडली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिने आणलेला तांब्या घेतला आणि टॉवेल खाली ओढून सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. मग रिकामा तांब्या तिच्या हातात देत घराकडे, गोठ्याकडे, शेवटी रंगुबाईकडे बघितलं.

"राम राम, इहीनबाई. तुमी म्हनलासा मानूस धाडा, म्हनून आलो."

रंगुबाई म्हणाली होती खरं. आठच दिवसांपूर्वी मायाच्या आईचा बनाचीवाडीहून फोन आला होता. पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. अमृतने कारखान्यातल्या एकाची गाडी ठरवली होती, मोबाईलवर पासाचा अर्जही भरला होता. फलटणपासून आटपाडी म्हणजे गाडीने अर्ध्या दिवसाचं काम. पण रंगुबाईच्या मनात पोरीला पाठवायचं नव्हतं. इथं फलटणचा डॉक्टर हाकेच्या अंतरावर. तिकडे आटपाडीच्या बाजूला घराघरातली माणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली, आणि ती सगळी आता मिळेल त्या गाडीने गावाकडे परतत असलेली. टीव्हीवर रोज कोरोनाचे आकडे. तिला भीती वाटत होती आणि तिची भीती काही खोटी नव्हती. पण विहिणीला तोंडावर नाही कसं म्हणायचं? म्हणून ती म्हणाली होती, "धाडती की. पर न्यायला मानूस आल्याबगर पोर भाईर कशी काढायची? आपल्या दोनी घरची रीत हाय न्हवं?"

एसटी बंद होती. जिल्ह्याच्या हद्दीवर पोलीस होते. सातारा-सांगलीच्या मधे चिमणीसुद्धा पासाशिवाय उडत नाही असं लोक म्हणत होते. लेकीला माहेरी न्यायला मुराळी येणार कुठून?

आणि मुराळी दारात उभा होता.

समोरच्या घराची खिडकी उघडली आणि पटकन मिटली. भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर जायच्या आत पोलीस पाटील धनाजी अंगणात हजर. त्याच्यामागे आशाताई समीक्षा, गळ्यात ओळखपत्र, हातात कपाळाला दाखवायचं तापमापक.

"कुटनं आलासा बाबा?" धनाजीने लांबूनच विचारलं.

"आटपाडीकडनं."

"म्हंजी सांगली जिल्हा!" धनाजी दोन पावलं मागे सरकला. "पास हाय का?"

"कसला पास?"

"प्रवासाचा. गाडीनं आला आसशीला न्हवं?"

"गाड्या बंद हायत की पाटील. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?" बिराप्पाने काळजीने विचारलं. "चालत आलो."

"आटपाडीसनं चालत? या उनाचं? आन नाक्यावर कुनीच आडवलं न्हाई?"

"नाका रस्त्यावर आसतोय. मी रस्त्याला लागलोच न्हाई." मग त्याने काठीने मातीत रेघ ओढून वाट सांगितली. राजेवाडीच्या तलावाच्या कडंकडंनं, मग माणगंगेच्या कोरड्या पात्रातनं, मग माळानं मोगराळ्याच्या डोंगरावर आणि तिथून खाली. बाप-आजा मेंढरं घेऊन ज्या वाटेने जायचे ती वाट. "गाव लागलं की वळसा घालायचा. कुनाच्या वट्यावर बसलो न्हाई, कुनाचं भांडं वापरलं न्हाई. तुमचा नेम मोडला न्हाई मी."

"आवं, पर जिल्हा वलांडायलाच बंदी हाय!"

"रस्तं बंद हायत एवढं दवंडीत आयकलं हुतं," बिराप्पा म्हणाला. "पायास्नी बंदी हाय आसं कोन म्हनलं न्हाई."

मास्कच्या आत समीक्षाला हसू आलं ते डोळ्यांत दिसलं. पण तिने काम चोख केलं. म्हाताऱ्याला ताप नव्हता. तरी नियम तो नियम. परजिल्ह्यातून आलेल्याला शाळेत चौदा दिवस. ज्याच्या घरात तो शिरला त्या घरातल्यांना तितकेच दिवस घरात.

"मी तर मोरीत हुतो," अमृत म्हणाला. "त्येंच्या जवळबी गेलो न्हाई."

"बायकू पाया पडली न्हवं? आन तू काय येगळ्या घरात निजतूस व्हय?" धनाजीने विषय मिटवला.

समीक्षाने सगळ्यांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारला. बिराप्पाने आपला हात उन्हात धरून नीट बघितला. "आमी मेंढरावर मारतो तसाच हाय की. म्हंजी आता आमी कुनाच्या कळपातलं, त्ये कळंल तरी."

हसलं कुणीच नाही. दारावर कागद डकवला गेला आणि कधी न लागणारं दार आता दोन आठवडे उघडायचं नाही असं ठरलं.

पुढचे दोन दिवस रंगुबाईने जे तोंड सोडलं त्यात मुराळ्याचं नाव दर तिसऱ्या वाक्याला होतं. डेअरीवाल्याने त्यांचं दूध घेणं थांबवलं. चक्कीवाल्याने निरोप धाडला, दळण पाठवू नका. अमृतला कारखान्यातून फोन आला, कागद उतरल्यावरच या. गेली तीस वर्षं जिच्याशी विरजणाची देवाणघेवाण होती ती शेजारीण कुंपणावरून बघून न बघितल्यासारखं करून आत गेली. दूध तापवून तापवून रंगुबाईने खवा केला, तो कुणाला द्यायचा हा प्रश्न उरला, तेव्हा तो घरातल्यांनीच खाल्ला आणि मायाला छातीत जळजळलं. तेही खापर मुराळ्यावर फुटलं.

त्याला जेवण कुणी पोचवायचं यावरही वाद झाला. नियम असा की शाळेत ठेवलेल्याला नातेवाइकांनी डबा द्यायचा. आणि नातेवाईक तर कोंडलेले. शेवटी धनाजीनेच तोड काढली. शाळेची मागची बाजू आणि रंगुबाईचा गोठा यांच्यामध्ये एक जुनं तारेचं कुंपण तेवढं होतं. रंगुबाईने भाकरी कुंपणापाशीच्या दगडावर ठेवून मागे सरकायचं, मग त्याने येऊन घ्यायची. "दोनीबी शिक्क्याचीच मानसं हायसा," धनाजी म्हणाला, "एकमेकास्नी काय लागायचं त्ये लागंल."

अशी रोज दोनदा गाठ पडू लागली.

बिराप्पा शाळेच्या मागच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसायचा आणि चाती फिरवत लोकर कातायचा. पिशवीतली लोकर संपल्यावर कातलेल्या सुताची दोरी वळू लागला. पहिले काही दिवस रंगुबाई भाकरी ठेवायची आणि पाठ फिरवून जायची. तोही काही बोलायचा नाही, फक्त म्हशीकडे बघून एकदा म्हणाला, "म्हस झ्याक हाय. कासंला लय चांगली."

रंगुबाई थांबली. म्हशीचं कौतुक ऐकून न थांबणारी बाई ती नव्हे. "दूध कोन घेत न्हाई तिचं. तुमच्या पायी."

"घेतील. दुधाला कुटं जात्यात?" तो म्हणाला आणि पुन्हा चाती फिरवू लागला.

त्याने मायाला न्यायची गोष्ट काढली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. रंगुबाई उत्तर तयार ठेवून बसली होती आणि प्रश्नच येत नव्हता. शेवटी तिनेच मायाला विचारलं, हा माणूस आहे तरी कसा.

मायाला सांगायला काय, हवंच होतं. बिराप्पा तिच्या बापाचा चुलतभाऊ. त्याच्या तरुणपणी वस्तीवरचे सगळे बापय दिवाळी सरली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे ते पाऊस तोंडावर आल्यावरच माघारी. बिराप्पाचं काम कळपाच्या एक मजल पुढं चालायचं. पुढच्या गावात जायचं, रान बघायचं आणि शेतकऱ्याला विचारायचं, मेंढरं रात्री तुमच्या शेतात बसवू का? शेताला खत मिळायचं, धनगराला धान्य. पण कुठलाही शेतकरी पहिल्या झटक्याला हो म्हणत नसे. बिराप्पा बांधावर बसून राहायचा. चाती फिरवायचा, बैलांची चौकशी करायचा, पाण्याचा तांब्या मागायचा. संध्याकाळपर्यंत शेतकरीच म्हणायचा, आण बाबा तुझी मेंढरं. मग भावकीने विचार केला, ज्याला अनोळखी माणसाचं रान मिळवता येतं त्याला आपल्याच सोयऱ्यांकडून पोर का नाही आणता येणार? तेव्हापासून पंचमी असो, दिवाळी असो, बाळंतपण असो, वस्तीवरच्या प्रत्येक लेकीला आणायला बिराप्पाच. कळप पुढे दुष्काळात मोडला, पोरं ट्रॅक्टर चालवायला लागली, कुणी गलाईवर गेली. याचं काम काही सुटलं नाही.

"तात्याची बायकू, आमची काकू, लय बोलती त्येंला," माया हसत म्हणाली. "म्हनती, साऱ्या वस्तीच्या पोरी आनल्या ह्या गड्यानं, पर मला माहेरला न्यायला कवा कोन आलं न्हाई. माझा भाऊबी ह्येच्याच संगं मेंढरात."

रंगुबाईलाही हसू आलं. मग ती पीठ चाळायला लागली.

पाचव्या-सहाव्या दिवशी ती कुंपणापाशी जरा रेंगाळली. "पाव्हनं, कंटाळा येत न्हाई का वो?"

"कसला?"

"ह्यो असा. कोंडून बसायचा."

"आवं, ह्यो माझा धंदाच हाय," बिराप्पा म्हणाला. "मुराळ्याला पयल्या दिशी कोन पोर देतंय? कराडकडं आमची एक पोर दिल्याली. तितली इहीन म्हनली, भुईमूग निगू द्या. निगला. मग म्हनली, वाळू द्या. वाळला. मग म्हनली, आज आमुशा हाय. मी आपला त्येंच्या गोट्यात बसून दावी वळतोय. साऱ्या जनावरांची दावी नवी केली. शेवटाला तीच म्हनली, न्या बाबा तुमची पोर, न्हाई तर तुमीच आमच्यात नांदायला ऱ्हाशीला!"

रंगुबाई पदराआड हसली. म्हातारा पुढं म्हणाला, "तितं निदान जेवताना मानसं भोवतीनं बसायची. हितं शिक्का हाय, एवढाच फरक."

"आन समजा न्हाईच म्हनली आसती ती?"

"सासरकडचं न्हाई कवाच न्हाई म्हनून येत न्हाई, इहीनबाई." त्याने दोरीला पीळ दिला. "कवा भुईमूग म्हनून येतं, कवा आमुशा म्हनून. कवा रीत म्हनून."

तो हे अगदी सहज म्हणाला, दोरीकडेच बघत. रंगुबाईने रिकामी थाळी उचलली आणि ती घरात आली. सगळं कळूनही तो एवढा डोंगर चढून आला होता की काही न कळता आला होता, याचा विचार करत ती चुलीपुढे बसली.

वाडीत मात्र वेगळंच शिजत होतं. कुणीतरी म्हणालं, म्हातारा खोकतो. कुणी म्हणालं, रात्रभर खोकतो. संध्याकाळपर्यंत तो रक्त ओकतो इथपर्यंत गोष्ट गेली आणि चार जण धनाजीच्या दारात उभे राहिले: त्याला गाडी बोलावून फलटणला धाडा, इथं नको. ज्यांची पोरं पुण्या-मुंबईहून यायची होती ते सगळ्यांत मोठ्याने बोलत होते. समीक्षाने जाऊन ताप बघितला, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावून बघितला. काही निघालं नाही. शाळेतला खडूचा डबा सांडला होता, तो म्हाताऱ्याने झाडून काढला आणि त्या धुळीने त्याला ठसका लागला होता. तरी पुढे दोन दिवस लोक शाळेवरून जाताना नाकातोंडाला पदर, टॉवेल, जे सापडेल ते लावून पळत जात होते.

ते थांबलं बायकांमुळे.

वाडीतल्या निम्म्या सुना माणदेशातल्या, आटपाडी-दिघंचीकडच्या. उन्हाळा हा त्यांचा माहेरी जायचा काळ, आणि त्या वर्षी एकीलाही जाता आलं नव्हतं. फोन होते, पण फोनवर सगळे आपले 'बरं हाय, काळजी करू नगं' एवढंच म्हणायचे. मग कुणाला तरी सुचलं, हा माणूस तिकडूनच चालत आलाय की. एक जण शेताला जाताना कुंपणापासून वावभर लांब थांबली.

"आवं मुराळी, म्हसवडच्या अंगानं आलासा का?"

"व्हय. पर गावात न्हाई शिरलो. वरनं बघितलं."

"पांदीच्या तोंडाला एक चिच हाय बगा मोटी. तितं आमचं घर."

बिराप्पाने डोळे मिटून आठवलं. "चिचंखाली बैलं हुती बांदल्याली. एक पांडरा हुता. शेणी थापल्याल्या हुत्या वळीनं, वल्या."

"आमचाच त्यो पांडरा!" ती बाई म्हणाली. मग थोडं थांबून, "शेण्या वल्या हुत्या म्हंजी आयेला उटाय-बसाय येतंय."

दुसऱ्या दिवशी तिघी आल्या, मग आणखी. बिराप्पा बघितलं तेवढंच सांगायचा. कुठल्या विहिरीवर मोटर चालू होती, कुणाच्या मळ्यात डाळिंबाला फुलं होती, कुठल्या गावाने वाटेवर बोराटीचे काटेरी फास आडवे टाकले होते. जे बघितलं नाही त्याला "त्ये न्हाई बघितलं" असं सरळ म्हणायचा, आणि म्हणूनच बायका त्याचं बाकीचं खरं मानायच्या. खोकल्याची गोष्ट आपोआप मागे पडली. डेअरीवाल्याची बायको दिघंचीची होती, एका सकाळी त्याने कुंपणाबाहेर किटली ठेवून लांबूनच ओरडून सांगितलं, "काकी, दूध वता ह्यात."

रंगुबाई हे सगळं गोठ्यातून ऐकत असायची. तिचं माहेर मोगराळ्याच्या घाटमाथ्यावरचं, वाटेतलंच. तिचा भाऊ होता तोवर दर दिवाळीला सायकलवर न्यायला यायचा. भाऊ गेला. भाचे चांगले होते, फोन करून म्हणायचे, "आत्या, या की एसटीत बसून." पण न्यायला कुणी आलं नाही आणि ती कधी गेली नाही. त्याला किती वर्षं झाली हे तिने मोजलं नव्हतं. एके दिवशी सगळ्या बायका गेल्यावर तिने भाकरी दगडावर ठेवली आणि पदर सारखा करत विचारलं, "घाट उतरायच्या आदी डाव्या हाताला एक वस्ती लागती. दगडी आड हाय बगा."

"हाय की. फाटंला गेलो तितनं."

"काय दिसलं?"

"आडावर नवा रहाट बसीवलाय. घराला निळा पत्रा हाय. म्हातारं मानूस कोन दिसलं न्हाई. एक बारकी पोरगी परड्यात कोंबड्या सोडत हुती."

"भाच्याची आसंल," रंगुबाई म्हणाली. "मी बघितली न्हाई तिला." आणि ती आत निघून गेली. आत माया पाय वर घेऊन कॉटवर पडली होती. तिने एकदम विचारलं, "आत्या, तुमचं पयलं बाळंतपन कुटं झालं हुतं?"

"माहेरी," रंगुबाई म्हणाली. त्या संध्याकाळी तिने अमृतला सांगितलं, "पासाचं बग रं परत. शिक्का उतारला की पोरीला धाडू. मुराळ्याच्या संगं गाडीतच बशीव."

अमृतने लगेच मोबाईल काढला आणि नवा अर्ज भरला.

चौदा दिवस संपायला दोन दिवस उरले असताना त्याचं उत्तर आलं. अर्ज नामंजूर. बनाचीवाडी बाधित क्षेत्रात गेली होती. गलाईच्या धंद्यातलं एक कुटुंब लांबच्या राज्यातून आलं होतं. पास काढून, नाक्यानाक्यावर नोंद करून, सगळं रीतसर. त्यांतल्या एकाचा अहवाल पॉझिटिव्ह आला आणि बनाचीवाडीच्या चारी बाजूंनी पत्रे ठोकले गेले. मायाच्या आईने फोनवर रडत सांगितलं, घरची सगळी बरी आहेत, पण कुणाला उंबऱ्याबाहेर पडू देत नाहीत. फलटणच्या डॉक्टरांनीही सांगितलं, आता हलवू नका, बाळंतपण इथंच होऊ दे. विहिणीचा फोन आला तेव्हाच गाडी निघाली असती तर पोर केव्हाच आईजवळ पोचली असती, हे घरातल्या प्रत्येकाच्या मनात येऊन गेलं. आणि मग ती आज त्या पत्र्यांच्या आत असती, हेही. त्यामुळे कुणी कुणाला बोल लावला नाही.

रंगुबाईला जे हवं होतं तेच झालं होतं. तिने सुनेला शिरा करून दिला, तो तसाच थंड झाला.

बिराप्पाला सांगायचं काम तिच्याकडेच आलं. ती कुंपणापाशी गेली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. त्याचे दोरी वळणारे हात थांबले.

"वस्तीवरची मानसं?"

"बरी हायत. तुमच्या घरातलीबी. माया बोलली काकूसंगं."

"आन पोर?"

"जेवली न्हाई."

त्याने दोरीत अडकलेला एक काटा उपटून टाकला. "मी चालत आलो त्ये चुकलंच म्हनायचं," तो म्हणाला.

रंगुबाईच्या ओठावर काहीतरी आलं होतं. ती एवढंच म्हणाली, "तुमी बोलावल्यावर आलासा, पाव्हनं."

शिक्के पुसट झाले. समीक्षाने येऊन शेवटचा ताप बघितला, धनाजीने दारावरचा कागद काढला आणि बिराप्पाला एक चिठ्ठी लिहून दिली, ती नाक्यावर दाखवा आणि या वेळी रस्त्याने जा म्हणून. अमृत त्याला हद्दीपर्यंत मोटारसायकलवर सोडतो म्हणाला. म्हाताऱ्याने मान हलवली. "माझ्यापायी तुला परत शिक्का नगं. तितं गेल्यावर वाडीत कोन घ्यायचं न्हाई, तवा माळावरच बसायचं हाय. मग कशाला पळायचं?"

सकाळी तो पुन्हा त्याच अंगणात उभा होता, पण आता दार उघडं होतं. रंगुबाईने त्याला आत बोलावून पाटावर बसवलं, पुरणपोळी वाढली. शेजारीण विरजण मागायला आली होती, ती दारातच थांबून बघत राहिली. त्याने पोटभर खाल्लं, पोळीला नावाजलं, गोठ्यात जाऊन म्हशीच्या गळ्यात आपण वळलेलं नवं दावं अडकवलं. माया भिंतीशी उभी होती. तिच्या डोळ्यांना धार लागलेली. रंगुबाईने त्याच्यासाठी भाकऱ्यांचं गठुडं बांधलं, धोतरजोडी पुढं केली. त्याने धोतरजोडी हात लावून तिथंच ठेवली.

"ही पोर घिऊन जानाऱ्याला देत्यात," तो म्हणाला. "बाळंतीन झाल्यावर कोनतरी यील न्यायला. त्याला द्या."

"तुमीच या की," रंगुबाई म्हणाली. "आन मोकळ्या हातानं कसं धाडू वो तुमाला?"

बिराप्पाने घोंगडं खांद्यावर टाकलं, काठी घेतली. मग पायऱ्या उतरून तो अंगणात गेला आणि वळून उभा राहिला.

"मोकळा कवा गेलो न्हाई म्या, त्ये खरं. इहीनबाई, एक मागतो. पोरीला शिवंवरच्या कालव्याच्या पुलापत्तूर माझ्या मागनं चालू द्या. तितनं ती माघारी फिरंल."